मामांच्या डार्करूममधल्या जुन्या बाटल्या – कोणती कशाची कसं ओळखायचं आणि काय वापरता येईल?

लालउजेड
नमस्कार मंडळी. मामा जाऊन आता वर्ष होत आलं. घराच्या मागच्या छोट्या खोलीत त्यांची डार्करूम (फिल्मचे फोटो धुण्या-छापण्याची अंधारी खोली) होती, मामींनी इतके दिवस ती उघडलीच नव्हती, गेल्या रविवारी माझ्या हातात चावी दिली आणि म्हणाल्या तुला हवं ते ने, बाकीचं काय करायचं ते तूच ठरव. एनलार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) आणि ट्रे ठीक आहेत, प्रश्न आहे तो केमिकल्सच्या फळीचा.

लेबल शाबूत असलेल्या बाटल्या अशा: मेटॉल (पावडर फिकट मातकट झालीय), हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाईटचा मोठा डबा जो अर्धा रिकामा आहे, सोडियम कार्बोनेट, पोटॅशियम ब्रोमाईड, ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड. एका बाटलीत गडद लाल खडे आहेत, लेबल फाटलंय पण शेवटी 'सायनाईड' एवढं दिसतंय आणि त्यामुळे मी जरा घाबरलोय. दुसरीत भडक नारिंगी खडे, लेबल नाही.

बिनलेबलची पांढरी तीन आहेत. प्लास्टिकच्या कॅनमध्ये तुरटीसारखे पारदर्शक खडे, पत्र्याच्या डब्यात बारीक पावडर, आणि एका काचेच्या बाटलीत दाणेदार काहीतरी, तिच्या बुचाभोवती पांढरा थर चढलाय.

आणि एक अगदी छोटी तपकिरी बाटली, मामांच्या अक्षरात 'इंटेन्सिफायर १' एवढंच लिहिलंय, आत पांढरे कण. आकाराच्या मानाने फार जड लागते हाताला.

मला फेकायचं नाहीये. निदान एक प्रिंट तरी त्यांच्याच सामानातून करायचाय. कुठून सुरुवात करू?

निगेटिव्ह_३५
मस्त खजिना आहे रे! पांढऱ्यांचं सोपं आहे, चिमूटभर घेऊन त्यावर व्हिनेगर टाक. नुसतं फसफसलं तर कार्बोनेट, विझलेल्या काडीसारखा वास आला तर सल्फाईट. मी नेहमी असंच करतो.

रसशाळा
लालउजेड, थांब. व्हिनेगर टाकू नकोस. अजून नाही.

निगेटिव्ह, तुमची टेस्ट बरोबर आहे, पण ज्या बाटलीवर नाव आहे आणि फक्त खात्री करायचीय तिच्यासाठी. बिनलेबलच्या जुन्या बाटलीसाठी ती धोक्याची आहे. डार्करूममध्ये सेपिया टोनिंगसाठी (प्रिंटला तपकिरी छटा द्यायला) सोडियम सल्फाईड असायचं, सल्फाईट नव्हे सल्फाईड, त्यावर अॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाईड निघतो आणि तो विषारी गॅस आहे. आणि खूप जुन्या सामानात, विशेषतः कुणी वेट प्लेटचे (काचेवर ओला थर देऊन फोटो काढण्याचे) प्रयोग केले असतील तर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) म्हणून खरं पोटॅशियम सायनाईडसुद्धा असू शकतं. त्यावर अॅसिड म्हणजे काय ते सांगायला नको. दोन्ही पांढऱ्या किंवा पिवळट दिसणाऱ्या गोष्टी आहेत, डोळ्यांनी फरक कळेल यावर विसंबू नका.

म्हणून क्रम उलटा ठेव. पहिली टेस्ट पीएच पट्टीची. काचेच्या छोट्या ग्लासात थोडं डिस्टिल्ड पाणी, त्यात टोकावर मावेल एवढी पावडर, काडीने हलव आणि पट्टी बुडव. नायट्राईल ग्लोव्ह्ज, चष्मा, खिडकी उघडी, आणि पावडर उडेल असं काही करायचं नाही. वास घ्यायला बाटलीत नाक घालायचं नाही. चव तर कधीच, कुठलीच.

पट्टी १० च्या वर गेली तर त्या बाटलीचं झाकण लाव आणि बाजूला ठेव, पुढची टेस्ट करूच नकोस. कारण त्या पट्ट्यात कार्बोनेट येतं, कॉस्टिक सोडा येतो, सल्फाईड येतं आणि सायनाईडही येतं. पहिली दोन इतकी सहज मिळतात की त्यांच्यासाठी उरलेल्या दोघांचा धोका पत्करण्यात काहीच अर्थ नाही.

आता लाल खडे. घाबरू नकोस, ते बहुतेक पोटॅशियम फेरीसायनाईड. नावात सायनाईड असलं तरी तो सायनाईड लोखंडाशी घट्ट बांधलेला असतो, तीव्र अॅसिड किंवा खूप उष्णता दिली तरच धोका, म्हणून त्याला अॅसिडपासून लांब ठेवायचं एवढं पाळ. एक खडा पाण्यात टाकलास की पाणी पिवळं होईल, हिरवट झाक असलेलं. नारिंगी खडे मात्र पोटॅशियम डायक्रोमेट असणार, त्याचं पाणी नारिंगी होतं. ते उघडू नकोस. हेक्साव्हॅलंट क्रोमियम आहे, कॅन्सर होऊ शकतो, त्वचेवर जखमा होतात, आणि नवशिक्याला त्याची गरज नाही.

'इंटेन्सिफायर १' बद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय. त्याला हात लावलास का?

लालउजेड
ताई, बाहेरून उचलून पाहिली, उघडली नाही. का?

रसशाळा
नाही उघडलीस ते फार बरं केलंस. पातळ निगेटिव्ह दाट करायला पूर्वी मर्क्युरिक क्लोराईड वापरायचे, आधी त्यात ब्लीच करायचं आणि मग अमोनियाने वगैरे काळं करायचं. ते पांढरं असतं, पाऱ्याचं असल्यामुळे खूप जड असतं, आणि अत्यंत विषारी असतं, कातडीतूनही शरीरात जातं. पांढरं, जड आणि इंटेन्सिफायर असं तिन्ही जुळतंय. ते तेच आहे हे मी इथे बसून सिद्ध करू शकत नाही आणि तूही करायचं नाहीस. बाटली झाकणासकट झिपच्या जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या डब्यात, डब्यावर 'पारा असण्याची शक्यता, उघडू नये' असं मोठ्या अक्षरात लिही आणि धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे दे. नारिंगी बाटलीही तशीच, पण वेगळ्या डब्यात.

जुना_एनलार्जर
रसशाळाताईंनी अगदी वेळेवर थांबवलं. मी चाळीस वर्षं डार्करूम केली आणि आमच्या वेळी कुणी ग्लोव्ह्ज घालत नव्हतं, त्याची किंमत माझ्या बोटांनी दिली. मेटॉलची अॅलर्जी झाली मला, आधी बोटांच्या पेरांना खाज, मग कातडी फाटून पाणी यायला लागलं, आणि एकदा झाली की ती जात नाही, आता मेटॉलच्या ट्रेमध्ये बोट बुडालं तरी दोन दिवस त्रास होतो. तेव्हा बाळा, मेटॉल हाताळताना ग्लोव्ह्ज. चिमट्याने प्रिंट उचल.

आता वापरायचं बोलू. रंगावरून डेव्हलपर (फिल्मवर किंवा कागदावर चित्र उमटवणारं रसायन) चांगला की वाईट हे ठरवणं अर्धवट खरं असतं. रोडिनल नावाचा डेव्हलपर घ्या, पेटंट १८९१ चं, अर्धी बाटली वर्षानुवर्षं पडून काळी कुळकुळीत होते आणि तरी फिल्म झकास काढते. उलट व्हिटॅमिन सीवर चालणारे डेव्हलपर पाण्यासारखे स्वच्छ दिसतात आणि आतून पूर्ण मेलेले असतात, रोल कोरा निघाल्यावर कळतं. म्हणून विचारायचं ते फिल्मलाच. रोल लोड करताना जी जीभ कापून टाकतो ना, तो तुकडा उजेडातच घ्यायचा, डेव्हलपरचा एक थेंब त्यावर ठेवायचा. काही मिनिटांत थेंबाखाली गोल काळा डाग पडला पाहिजे, अगदी दाट काळा. शेजारी ताज्या डेव्हलपरचा थेंब ठेवला तर तुलना लगेच दिसते. करडा डाग म्हणजे थकलाय.

फिक्सरचीही तीच गंमत, त्याच तुकड्यावर. हायपोचा, म्हणजे फिक्सरच्या पाण्याचा, थेंब ठेवलास की दुधाळ फिल्म थेंबाखाली हळूहळू स्वच्छ होत जाते, कडेकडून आत. मी अजूनही ते बघत बसतो.

तुझे तुरटीसारखे खडे बहुतेक हायपोच, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. एक मूठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळ आणि ग्लास हातात धर. गार पडतो! बाहेरून दव धरल्यासारखा. खड्यांचा हायपो विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, लिटरला २४० ग्रॅम टाकलं तर १० अंशांच्या आसपास तापमान उतरतं. म्हणून हायपो नेहमी गरम पाण्यात करायचा. पावडरचा, म्हणजे निर्जल, असेल तर असं होत नाही आणि तो कमी लागतो, १०० ग्रॅम पावडर म्हणजे साधारण १५७ ग्रॅम खडे.

रसशाळा
काका, एक जोड. गार पडणं आणि फिल्म स्वच्छ होणं याच्या आधी पीएच बघायचाच, कारण सायनाईडसुद्धा फिल्म स्वच्छ करतं. हायपोचा पीएच ७ च्या जवळपास येतो. पट्टी उदासीन, ग्लास गार, फिल्म स्वच्छ, हे तिन्ही जमलं की निश्चिंत वापरायचा.

निगेटिव्ह_३५
ताई, धन्यवाद. मी माझ्या पोस्टमध्ये बदल करतोय, कुणी नुसतं तेवढंच वाचून करायला नको. मला सल्फाईडचं खरंच माहीत नव्हतं.

साधाप्रश्न
मध्येच विचारतो, हायपो हे नाव कुठून आलं? थायोसल्फेटमध्ये तर हायपो कुठेच नाही.

जुना_एनलार्जर
जुन्या काळी त्याला 'हायपोसल्फाईट ऑफ सोडा' म्हणायचे. जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखवलं होतं की चांदीचे क्षार यात विरघळतात, आणि १८३९ मध्ये फोटोग्राफी आली तेव्हा चित्र पक्कं करायला तेच कामी आलं. पुढे रसायनवाल्यांनी नाव बदललं, फोटोवाल्यांनी नाही बदललं.

लालउजेड
आज सगळं केलं. पीएचची वही ठेवलीय.

कॅनमधले खडे: पट्टी ७. ग्लास खरंच गार पडला, मला हात काढून परत लावावासा वाटला. फिल्मचा तुकडा स्वच्छ झाला, थेंबाच्या कडेला आधी, मधला ठिपका शेवटी. हायपो!

पत्र्याच्या डब्यातली पावडर: पट्टी ९ च्या आसपास.

काचेची बाटली, थर चढलेली: बूच हलकेच फिरवलं आणि सुटलं, टोकावर मावेल एवढे दाणे पाण्यात टाकले, पट्टी सरळ शेवटच्या रंगावर गेली, १३ वगैरे. लगेच झाकण लावून बाजूला ठेवली.

रसशाळा
छान. बूच घट्ट असतं तर जोर लावू नकोस हे मी आधीच सांगायला हवं होतं, अशा बाटल्यांचे काचेचे बूच चिकटतात आणि मान फुटते. आता ती कॉस्टिक असेल किंवा दुसरं काही, ती केंद्राकडे जाणाऱ्या डब्यात.

९ वाली बहुधा बोरॅक्स किंवा सल्फाईट. इथेही अॅसिड लागत नाही, जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन आण. पावडरच्या पाण्यात एक थेंब टाक. सल्फाईट असेल तर तपकिरी रंग तिथल्या तिथे नाहीसा होतो, बोरॅक्समध्ये तो राहतो. सल्फेटमध्येही राहतो, आणि ही गोष्ट तुझ्या लेबलवाल्या मोठ्या डब्यासाठी महत्त्वाची आहे.

जुना_एनलार्जर
त्यावर मी सांगतो, माझं दुखणं आहे ते. सल्फाईट हवेतला ऑक्सिजन घेत घेत हळूहळू सल्फेट होऊन जातं, दिसायला तसंच पांढरं, पण डेव्हलपरला जपण्याची ताकद गेलेली. माझा अर्धा रिकामा डबा असाच वर्षानुवर्षं पडला होता, त्यातून डेव्हलपर केला आणि मुलीच्या शाळेतल्या नाटकाचा रोल त्यात टाकला. अर्ध्या तासात टाकीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालं होतं आणि निगेटिव्हवर भुतासारख्या पुसट आकृत्या. ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली होती. अजून ते निगेटिव्ह पाकिटात ठेवलंय.

ओलाप्रिंट
काका, वाचून वाईट वाटलं.

हे सल्फाईट किती उरलंय ते मोजताही येतं, मी करते. १ ग्रॅम ५०० मिली पाण्यात विरघळव, त्यातले ५ मिली छोट्या काचेत घे आणि त्यात पोव्हिडोन आयोडीन थेंब थेंब टाकत मोज, रंग टिकेपर्यंत. माझ्या ताज्या सल्फाईटला ३८ थेंब लागले आणि जुन्याला २७. म्हणजे ७० टक्क्यांच्या वर थोडंच शिल्लक. ड्रॉपर तोच ठेवायचा, नाहीतर थेंब लहानमोठे होतात. वजन वाढवून भरपाई करता येईल, पण मी तसं फिल्मसाठी करत नाही, फिल्मला ताजं आणि जुनं फिक्सरमध्ये.

फेरीसायनाईडचं मला जास्त कौतुक. सायनोटाईप (निळ्या रंगाचे प्रिंट) कर! तेही हर्शेलचंच, १८४२. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलीला २५ ग्रॅम, फेरीसायनाईड १०० मिलीला १० ग्रॅम, दोन्ही वेगळ्या बाटल्यांत ठेवायची, वापरायच्या वेळी समप्रमाणात मिसळून कागदावर ब्रशने लावायचं, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवायचं आणि उन्हात निगेटिव्ह ठेवून काढायचं, नंतर नुसतं पाणी. खडे स्वच्छ माणकासारखे लाल असतील तर उत्तम, निळसर झाक धरली असेल तर त्यात लोखंड गेलंय.

लालउजेड
पत्र्याचा डबा बोरॅक्स निघाला, रंग राहिला. मामांच्या सल्फाईटला २५ थेंब लागले, मी ताजं आणलं त्याला ३९. काका, तुमचा किस्सा वाचला नसता तर मी तसंच वापरलं असतं.

मेटॉल कसं तपासू? आणि लेबल बरोबर आहे हे कशावरून, मामा कधीकधी जुन्या बाटल्यांत नवीन भरायचे.

रसशाळा
हा फार चांगला प्रश्न आहे. मेटॉल नुसत्या सल्फाईटमध्येही फिल्म काळी करतं. हायड्रोक्विनोन नुसत्या सल्फाईटमध्ये जवळजवळ काहीच करत नाही, त्याला कार्बोनेटसारखं अल्कली लागतं. म्हणून दोन थेंब कर: पावडर आणि सल्फाईट, आणि दुसऱ्यात त्यावर कार्बोनेटही. दोन्ही काळे झाले तर मेटॉल, फक्त दुसरा झाला तर हायड्रोक्विनोन. मेटॉल फिकट मातकट असेल तर चालतं, गडद तपकिरी झालं असेल तर सोडून दे.

जुना_एनलार्जर
आणि ते दोन थेंब बरोबर आले की तुझ्या हातात डी-२३ आहे. जगातला सगळ्यात साधा फिल्म डेव्हलपर, दोनच वस्तू: लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम, सल्फाईट १०० ग्रॅम. फक्त आधी चिमूटभर सल्फाईट, मग मेटॉल पूर्ण विरघळू दे, मगच उरलेलं सल्फाईट, कारण दाट सल्फाईटमध्ये मेटॉल विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ बसतो.

प्रिंटसाठी डी-७२ कर. ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात याच क्रमाने मेटॉल ३, सल्फाईट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल कार्बोनेट ६७.५, पोटॅशियम ब्रोमाईड २ ग्रॅम, आणि पाणी घालून एक लिटर. वापरताना एक भागाला दोन भाग पाणी. कार्बोनेट कसलं आहे ते आधी बघ, काचेसारखे खडे आणि वर पांढरी भुकटी असेल तर ते पाणी धरलेलं आहे, तेवढ्याच वजनात अल्कली निम्म्याहूनही कमी असतं.

लालउजेड
तसंच होतं काका, खडे आणि वर भुकटी. किती सुकलंय ते कळेना म्हणून जुन्या स्टीलच्या थाळीत, फक्त यासाठी ठेवलेल्या शेगडीवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत तापवलं. १०० ग्रॅमचे शेवटी ४४ उरले.

रसशाळा
अगदी योग्य केलंस. अॅसिटिक अॅसिडबद्दल: ग्लेशियल १६.६ अंशांखाली गोठतं, बाटलीत बर्फ दिसला तर बिघडलं असं नाही. कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळव, आणि नेहमी पाण्यात अॅसिड ओत, अॅसिडमध्ये पाणी नाही. ३ भाग ग्लेशियल, ८ भाग पाणी, म्हणजे साधारण २८ टक्के. त्यातलं ४८ मिली एक लिटर पाण्यात घातलं की स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं पाणी. आणि फेरीसायनाईड त्या टेबलावर नको.

फिक्सर साध्या हायपोचा करशील तर स्टॉप बाथचं अॅसिड त्यात गेलं की गंधक सुटून ते दुधाळ होतं. लिटरला हायपो २४०, सल्फाईट १० आणि सोडियम बायसल्फाईट २५ ग्रॅम घाल, तुझं जुनं सल्फाईट इथे थोडं जास्त घालून वापर.

लालउजेड
काल रात्री केला प्रिंट.

मामांच्या निगेटिव्हच्या फाईलमध्ये मामींचा एक फोटो होता, खिडकीशी उभ्या, डोळे मिटलेले, केस ओले. मामांचंच मेटॉल, मामांचंच हायड्रोक्विनोन, त्यांचाच हायपो. सल्फाईट तेवढं नवीन. सेफलाईटच्या मंद उजेडात ट्रेत कागद आधी नुसता कोरा, मग खिडकीची चौकट उगवली, मग केस. मामी दारात उभ्या होत्या, मी बोलावल्यावर आत आल्या आणि ट्रेकडे बघत म्हणाल्या, त्याला हाच वास यायचा, तो रात्री झोपायला यायचा तेव्हा.

वेगवेगळ्या डब्यांत तीन बाटल्या आहेत, केंद्राने पुढच्या शनिवारी यायला सांगितलंय. वापरलेला फिक्सर चांदीसाठी वेगळ्या कॅनमध्ये ठेवलाय, तोही त्यांच्याकडेच. ब्रोमाईड, बोरॅक्स आणि उरलेलं सगळं नव्या बाटल्यांत भरून नाव, तपासल्याची तारीख आणि काय टेस्ट केली ते लेबलवर लिहिलंय.

ओलाप्रिंट
डोळ्यांत पाणी आलं रे. सायनोटाईप कधी?

लालउजेड
सायट्रेट मागवलंय, आलं की लगेच.

जुना_एनलार्जर
शाब्बास. प्रिंट फिक्सरमध्ये किती वेळ होता, आणि धुतलास किती? फायबरचा (प्लास्टिकचा थर नसलेला) कागद असेल तर तासभर वाहतं पाणी हवं, नाहीतर हायपो आत राहून काही वर्षांत पिवळा पडेल, आणि हा प्रिंट पिवळा पडता कामा नये.

लालउजेड
आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागद आहे काका. फिक्सरमध्ये ५ मिनिटं, मग वाहत्या पाण्यात ४ मिनिटं. फायबरचं एक जुनं पाकीट सापडलंय, त्याची एक पट्टी न उजळता डेव्हलप करून फॉग (उजेड न लागताही आलेली करडी झाक) बघतो आणि उद्या इथे टाकतो.